वाचकांचे प्रश्न : ऐझॉलचे सदतीस गुण

गेल्या अंकात ‘मैदान’ सदरात आम्ही २०१६-१७ च्या आय-लीग फुटबॉल मोसमावर एक लहानसे टिपण छापले होते. मिझोरामच्या ऐझॉल एफसीने त्या मोसमात मोहन बागानला एका गुणाने मागे टाकून देशाचे विजेतेपद मिळवले आणि ईशान्य भारतातील क्लबने हा मान मिळवण्याची ती पहिलीच वेळ होती, एवढेच त्यात नमूद केले होते. त्यावर आलेल्या पत्रांतून काही प्रश्न निवडून त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आमच्याकडे बाद पद्धतीच्या स्पर्धांना अधिक गर्दी होते, त्यामुळे साखळी स्पर्धेचा हिशेब नीट लक्षात येत नाही. मोहन बागानने त्या मोसमात दोनच सामने गमावले आणि ऐझॉलने तीन. मग कमी सामने गमावणारा संघ मागे कसा राहिला? (एक वाचक, कोल्हापूर)

आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर गुणतक्त्यातच दडलेले आहे. त्या मोसमात दहा संघ होते आणि प्रत्येक संघ इतर नऊ संघांशी एकदा आपल्या आणि एकदा त्यांच्या मैदानावर खेळला, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला १८ सामने आले. विजयाला ३ गुण, बरोबरीला १ आणि पराभवाला शून्य. ऐझॉलने ११ सामने जिंकले, ४ बरोबरीत सोडवले आणि ३ गमावले, म्हणून त्यांचे ३७ गुण झाले. बागानने १० जिंकले, ६ बरोबरीत सोडवले आणि २ गमावले, म्हणून त्यांचे ३६ झाले.

आता एक गंमत पाहा. फुटबॉलमध्ये पूर्वी विजयाला दोनच गुण देत असत. तीच जुनी पद्धत या मोसमाला लावून पाहिली, तर ऐझॉलचे ११ विजयांचे २२ आणि बरोबरीचे ४ असे २६ गुण होतात, आणि बागानचे १० विजयांचे २० आणि बरोबरीचे ६ असेही नेमके २६ च होतात. म्हणजे दोन्ही संघांत जो काही फरक होता, तो तीन गुणांच्या नियमाने मोजलेला फरक होता. हा नियम जगभर आला तोच मुळी बरोबरीवर समाधान मानणाऱ्या संघापेक्षा विजयासाठी धोका पत्करणाऱ्या संघाला जास्त मोल मिळावे म्हणून. दोन सामने बरोबरीत सोडवले तर हाती २ गुण येतात. त्यांपैकी एक जिंकून दुसरा गमावला तरी ३ येतात. बागानच्या चार महिन्यांच्या खेळात पराभव टाळण्याची शिस्त होती, आणि ती थोर क्लबाला शोभणारीच होती; परंतु ऐझॉलने एक सामना अधिक गमावून एक विजय अधिक मिळवला आणि करंडक त्यांच्याकडे गेला. बाद पद्धतीत एका वाईट दुपारी सगळे संपते. साखळीत तसे होत नाही, जानेवारीत गमावलेला गुण एप्रिलमध्ये भरून काढता येतो. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर साखळीचे सामनेही होतात. पुढच्या मोसमात घरी वहीवर असा तक्ता मांडून पाहावा, साखळीची गोडी लागेल.

प्रश्न : शेवटच्या दोन आठवड्यांत नेमके काय घडले? आणि ऐझॉलला अखेरच्या सामन्यात बरोबरी पुरेशी का होती? (डोंबिवली)

प्रत्येकी १६ सामने झाले तेव्हा ऐझॉल आणि मोहन बागान या दोघांचेही ३३ गुण होते, आणि वेळापत्रकाच्या योगायोगाने सतराव्या फेरीत त्यांचीच गाठ पडणार होती. सामना २०१७ च्या एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात ऐझॉलच्या राजीव गांधी स्टेडियमवर झाला. हे मैदान डोंगराच्या अंगावर आहे. कृत्रिम हिरवळ, तिच्या कडेला गच्च भरलेले सज्जे, आणि त्यांच्या मागे टेकड्यांवर एकावर एक चढत गेलेली घरे असे दृश्य दूरचित्रवाणीवरही विसरता येण्यासारखे नव्हते. बागानकडे हैतीचा सोनी नोर्डे होता, जपानचा कात्सुमी युसा होता आणि जेजे लालपेखलुआही होता. हा जेजे मिझोरामचाच, त्या राज्यातल्या मुलांचा लाडका खेळाडू, आणि तरुण वयात तो आपल्या पुणे एफसीकडून खेळून पुढे आला होता, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते. ज्या गावाला त्याचा अभिमान होता, त्याच गावाला त्या दिवशी त्याचा संघ हरायला हवा होता.

८० मिनिटे झाली तरी गोल झाला नव्हता. बरोबरी झाली असती तर शेवटच्या फेरीत दोघेही पुन्हा समान गुणांवर उतरले असते. ८३व्या मिनिटाला बचावपटू झोहमिंगलियाना राल्टे याने डोक्याने मारलेला चेंडू जाळ्यात गेला आणि ऐझॉलने सामना १-० असा जिंकला. गुण झाले ३६ विरुद्ध ३३.

३० एप्रिलला शेवटचे सामने एकाच वेळी खेळवले गेले. ऐझॉल शिलाँगमध्ये शिलाँग लाजाँगशी खेळत होते आणि बागान कोलकात्यात चेन्नई सिटीशी. ऐझॉल हरले असते आणि बागान जिंकले असते, तर दोघांचे ३६ गुण झाले असते. आणि समान गुण झाल्यावर लावायचे निकष बागानच्या बाजूचे होते. म्हणून ऐझॉलला एक गुण हवाच होता. सामना सुरू होऊन नऊ मिनिटे होतात न होतात तोच लाजाँगच्या दिपांदा डिकाने गोल केला. हा कॅमेरूनचा आघाडीवीर त्या मोसमात ११ गोल करून सर्वाधिक गोल करणारा ठरला, तेव्हा त्याने गोल करणे यात नवल काही नव्हते; पण पुढचा जवळजवळ एक तास ऐझॉलचा संघ पिछाडीवर, करंडक हातातून निसटण्याच्या भीतीने खेळत होता. ६७व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली. बागानने आपला सामना २-१ असा जिंकला. लाजाँगशी १-१ अशी बरोबरी झाली, आणि त्या एका गुणाने निकाल लागला.

लाजाँगचे कौतुक मला नेहमीच वाटत आले आहे. त्यांना त्या सामन्यातून काहीही मिळायचे नव्हते, ईशान्येतल्याच दुसऱ्या राज्याचा संघ त्या भागासाठी पहिला करंडक नेणार होता, आणि तरीही त्यांनी पहिल्या मिनिटापासून तो सामना जिंकण्यासाठीच खेळला. ऐझॉलचे विजेतेपद निर्मळ वाटते त्याला हेही एक कारण आहे.

प्रश्न : आमच्या गोव्याचे क्लब त्या मोसमात कुठे होते? एके काळी हा करंडक गोव्याबाहेर जातच नसे. (मडगाव)

आपली आठवण बरोबर आहे. २००४-०५ पासून २०१२-१३ पर्यंत सलग नऊ मोसम देशाचे विजेतेपद पश्चिम किनाऱ्यावरच राहिले. त्यांपैकी डेंपोने पाच, चर्चिल ब्रदर्सने दोन आणि साळगावकरने एक जिंकले; उरलेले एक, २००५-०६ चे, मुंबईच्या महिंद्र युनायटेडने जिंकले आणि त्या संघाचे प्रशिक्षक डेरिक परेरा हेही गोव्याचेच होते. स्पर्धेचे नाव २००७-०८ पासून राष्ट्रीय फुटबॉल लीगऐवजी आय-लीग झाले, पण विजेते तेच राहिले.

२०१६ च्या उन्हाळ्यात मात्र चित्र पालटले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने देशातील स्पर्धांची नवी उतरंड सुचवली. तिच्यात शहरांच्या नावाने नव्याने उभ्या राहिलेल्या इंडियन सुपर लीगला वरचे स्थान होते आणि आय-लीगच्या क्लबांना त्याखालचे. याचा निषेध म्हणून साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा आय-लीगमधून बाहेर पडले, आणि दुसरी श्रेणी जिंकून परतीचा हक्क कमावलेल्या डेंपोनेही तोच मार्ग धरला. गोव्याचा एकच क्लब त्या मोसमात खेळला, तो म्हणजे चर्चिल ब्रदर्स. परवान्याच्या अटींवरून त्यांना २०१४ मध्ये वगळण्यात आले होते आणि ते तेव्हा परत आले होते. त्यांनी सहावा क्रमांक मिळवला.

गोव्याच्या क्लबांच्या या माघारीचा ऐझॉलशी अगदी थेट संबंध आहे, आणि तो आमच्या टिपणात यायला हवा होता. २०१५-१६ हा ऐझॉलचा आय-लीगमधील पहिलाच मोसम होता. नऊ संघांत ते आठवे आले. नववा संघ, पुण्याचा डीएसके शिवाजियन्स, थेट प्रवेशाच्या कराराने आलेला असल्यामुळे त्याला घसरणीपासून संरक्षण होते, म्हणून खालच्या श्रेणीत जाण्याची पाळी आठव्या ऐझॉलवर आली. त्याच वर्षी हा संघ फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात पोहोचला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांची हळहळ समजते. त्या अंतिम सामन्यात बागानने त्यांचा ५-० असा पराभव केला होता. पुढे गोव्याचे क्लब गेले, जागा रिकाम्या झाल्या, आणि महासंघाने ऐझॉलला पुन्हा आत घेतले. विजेता संघ मोसमाच्या दाराशी असा उभा होता. गोव्याच्या क्लबांनी जे पाऊल उचलले ते मला आजही समजण्यासारखे वाटते, कारण मैदानावर कमावलेले स्थान कागदावर हिरावले जाणे कोणत्याही खेळाडूला सहन होणार नाही. पण त्याच पावलामुळे मैदानावर गमावलेले स्थान ऐझॉलला कागदावर परत मिळाले.

सीरियाचा महमूद अल अम्ना हा ऐझॉलच्या मधल्या फळीचा सूत्रधार त्याआधी स्पोर्टिंग क्लुब द गोवाकडून खेळला होता, आणि ऐझॉलचा गोलरक्षक आल्बिनो गोम्स हा गोव्याचाच मुलगा. तेव्हा गोवा त्या विजेतेपदातून अगदीच गैरहजर नव्हता.

प्रश्न : ऐझॉलचे प्रशिक्षक खालिद जमील मुंबईचे, असे ऐकले. मग मुंबईच्या संघाचे त्या मोसमात काय झाले? महाराष्ट्रातील क्लबांविषयी आपण टिपणात एक शब्दही लिहिला नाही. (परळ, मुंबई, अशाच आशयाचे पत्र पुण्याहूनही आले आहे)

लिहिला नाही, हे खरे आहे. जागेचे कारण होते, आणि थोडे दुःखाचेही होते.

खालिद जमील यांचा जन्म कुवेतचा. पण खेळाडू म्हणून ते महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसी या मुंबईच्याच संघांतून खेळले आणि दुखापतीने खेळ थांबल्यावर २००९ मध्ये मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. त्या क्लबाकडे कधी फारसा पैसा नव्हता. सात मोसम जमील यांनी त्यांना आय-लीगमध्ये टिकवून ठेवले. वरच्या क्रमांकावर नेता आले नाही, पण खालीही जाऊ दिले नाही. मी त्या वर्षांत मुंबईच्या कुपरेज मैदानावर अनेकदा सामने पाहिले आहेत. तिथे मैदानाची रेषा प्रेक्षकांपासून इतकी जवळ आहे, की बाकासमोर येरझाऱ्या घालणाऱ्या प्रशिक्षकाचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. जमील पत्रकारांशी मोजकेच बोलत, पण नव्वद मिनिटे आपल्या बचावफळीशी मात्र अखंड बोलत असत: पुढे सरक, आत ये, माणूस सोडू नको. दोन फळ्यांतील अंतर वाढू द्यायचे नाही, चेंडू मिळाला की वेळ न घालवता पुढे न्यायचा, आणि कॉर्नर व फ्री-किक यांचे सोने करायचे, हा त्यांचा साधा पण कष्टाचा खेळ होता. २०१६ मध्ये क्लबाने त्यांच्याशी फारकत घेतली.

ते ऐझॉलला गेले, आणि मुंबई एफसीत त्यांच्या हाताखाली घडलेले आशुतोष मेहता आणि जयेश राणे हे दोघेही त्या मोसमात ऐझॉलकडून खेळले. आशुतोष उजव्या बगलेचा बचावपटू, जयेश मधल्या फळीतला चपळ खेळाडू. मुंबईच्या मैदानांवर वाढलेले हे दोघे आणि त्यांचे प्रशिक्षक अशा तिघांनी मिझोरामच्या तरुण संघात आपापली जागा शोधली. त्या संघाचा कणा मात्र मिझोच होता. लालरुआथारा, लालरामचुलोवा, ब्रँडन वानलालरेमडिका, झोहमिंगलियाना ही सगळी मुले आपल्या राज्याच्या वाड्यावस्त्यांतून आणि २०१२ मध्ये सुरू झालेल्या मिझोराम प्रीमियर लीगमधून तयार झालेली.

इकडे मुंबई एफसीने मोसमाची सुरुवात शिवाजियन्सवरच्या विजयाने केली आणि तरीही शेवट दहाव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर केला. मधेच प्रशिक्षक बदलूनही घसरण थांबली नाही. संघ खालच्या श्रेणीत गेला आणि क्लबच बंद पडला. पुण्याच्या बालेवाडीत खेळणारे शिवाजियन्स आठवे आले. त्या मोसमानंतर तेही आय-लीगमध्ये दिसले नाहीत. त्याआधी महिंद्र युनायटेड २०१० मध्ये आणि पुणे एफसी २०१५ मध्ये बंद झाले होते. एप्रिल २०१७ च्या अखेरीस ज्या तक्त्याच्या माथ्यावर मुंबईत घडलेला प्रशिक्षक उभा होता, त्याच तक्त्याच्या तळाशी त्याचा जुना क्लब होता. पुण्याच्या वाचकांनी ‘आपल्याकडे गुणवत्ताच नाही’ असे पत्रात लिहिले आहे, ते मला मान्य नाही. गुणवत्ता होती, ती ऐझॉलला जाऊन विजेती झाली. आपल्याकडे नव्हते ते क्लब जगवणारे गाव. उद्योगसमूहाचा निर्णय बदलला की महाराष्ट्रातील संघ एका कागदाने विसर्जित होत आले आहेत. ऐझॉलमध्येही क्लबाला मालक आहेच, पण सुमारे अकरा लाख लोकवस्तीच्या त्या राज्यात संघाचा सामना हा घराघराचा विषय असतो, आणि असा संघ बंद करणे कोणालाही सोपे जात नाही.

प्रश्न : त्या वेळी अनेकांनी या विजयाची तुलना इंग्लंडच्या लेस्टर सिटीशी केली होती. ती आपल्याला योग्य वाटते का? (नाशिक)

काही अंशी. लेस्टरने २०१५-१६ मध्ये प्रीमियर लीग जिंकली तेव्हा आदल्या मोसमात तेही घसरणीतून जेमतेम वाचले होते, आणि त्यांचे प्रशिक्षक क्लाउडिओ रानिएरी यांनाही लोकांनी निकालात काढले होते. एवढे साम्य आहे. पण लेस्टरने आपले विजेतेपद दहा गुणांच्या फरकाने, दोन सामने बाकी असतानाच निश्चित केले होते. ऐझॉलला शेवटच्या दुपारपर्यंत झुंजावे लागले. शिवाय ‘चमत्कार’ हा शब्द त्या मिझो मुलांवर अन्याय करतो असे मला वाटते. मिझोरामने २०१४ मध्येच राज्यांच्या संघांमधील संतोष करंडक जिंकला होता. तिथे फुटबॉलची तयारी बऱ्याच वर्षांपासून चालू होती, आणि आपले तिकडे लक्ष नव्हते.

प्रश्न : विजेतेपदानंतर ऐझॉलला काय मिळाले? आज ते कुठे आहेत? (बेळगाव)

जे मिळायला हवे होते ते मिळाले नाही. २०१७-१८ पासून इंडियन सुपर लीग आणि आय-लीग या दोन्ही स्पर्धा एकाच काळात, शेजारी शेजारी खेळवल्या जाऊ लागल्या. आदल्या मोसमात चौथा आलेला बंगळूरु एफसी सुपर लीगमध्ये दाखल झाला, आणि देशाचा विजेता ऐझॉल आहे तिथेच राहिला. सुपर लीगमधील प्रवेश तेव्हा गुणांवर नव्हे, तर बोली आणि शुल्क यांवर ठरत होता. ऐझॉलने आपल्याला वरच्या स्पर्धेत घ्यावे अशी मागणी केली, निषेधही केला. तिचा उपयोग झाला नाही. विजेत्या संघाला कष्टाने चढलेल्या जिन्याच्या वरच्या टोकाला बंद दार दिसावे, ही गोष्ट भारतीय फुटबॉलला लांच्छनास्पद होती, आणि हे मी पूर्ण विचार करून लिहीत आहे.

संघ लगेचच विखुरला. जमील आणि अल अम्ना ईस्ट बंगालला गेले. लालरुआथारा केरळ ब्लास्टर्सला गेला आणि सुपर लीगमधल्या आपल्या पहिल्याच मोसमात उदयोन्मुख खेळाडूचा पुरस्कार घेऊन आला. जानेवारी २०१८ मध्ये जे खेळाडू उरले होते ते आशियाई चॅम्पियन्स लीगच्या पात्रता सामन्यासाठी इराणला गेले आणि झोब आहन या संघाकडून ३-१ असे हरले. ऐझॉल एफसी त्यानंतरही आय-लीगमध्ये खेळत राहिला. खालिद जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले.

दार उघडले ते बऱ्याच उशिरा. आय-लीग जिंकणाऱ्या संघाला सुपर लीगमध्ये बढती देण्याची सुरुवात २०२२-२३ च्या मोसमापासून झाली, आणि पहिली बढती मिळाली ती पंजाबच्या क्लबाला. ऐझॉलच्या विजयाच्या मोसमात मिनर्व्हा पंजाब या नावाने खेळून जो नववा, मुंबई एफसीच्या बरोबर एक पायरी वर राहिला होता, तोच हा क्लब.